ताट वेगळं केलं, सानं मात्र बंदच

पत्र :

सप्रेम नमस्कार. मी धारूर तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. माझ्या थोरल्या जाऊबाई अन् भाया दर सालाप्रमाणं दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले होते. जाऊबाईंना तिकडं मार्गशीर्षापासून खोकला लागला. संध्याकाळी ताप यायचा, वजन उतरलं. मुकादमानं मेडिकलमधून बाटल्या आणून दिल्या, फरक पडला नाही. शेवटी भायांनी त्यांना अन् चार वर्षांच्या पोरीला गावी आणून सोडलं अन् ते परत टोळीवर गेले. सरकारी दवाखान्यात बेडका तपासला, टी.बी. निघाला. गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झालेत, खोकला बराच कमी आहे. पण आत्याबाईंनी त्यांना माळवदाखालच्या मागच्या खोलीत ठेवलंय. खिडकी नाही, छतात उजेडासाठी सानं होतं त्यावरही पत्रा टाकलाय. जर्मनचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. त्यांच्या वाकळा होळीत टाकायच्या म्हणतात. पोरगी माझ्याजवळ झोपते, रात्री आईसाठी रडते. मला दोन लेकरं आहेत, सात अन् दहा वर्षांची. नळावर बाया माझी घागर बघून आपली सरकवून घेतात. आशाताई म्हणतात, भ्यायचं काही नाही. आत्याबाई म्हणतात, तिचं काय जातंय म्हणायला. जाऊबाईंना सहा महिने माहेरी धाडायचं घरात चाललंय. मे महिन्यात वन्संचं लग्न आहे, सोयऱ्यांना कळलं तर काय? मी कोणाचं खरं मानू?

— धाकटी जाऊ

उत्तर :

ताई, खरं आशाताईंचंच आहे, फक्त त्यांनी ते फार थोडक्यात सांगितलं. 'भ्यायचं काही नाही' एवढ्यावर आत्याबाईंचं समाधान होणार नाही, आणि का व्हावं? टी.बी. एकापासून दुसऱ्याला होतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे आणि ते खरंही आहे. त्यामुळे घरातली भीती काढून टाका असं मी सांगणार नाही. तुमच्या घरात भीती आहे, पण ती भलत्याच जागी जाऊन बसली आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसा प्रकार.

जाऊबाई दोन-अडीच महिने खोकत होत्या, औषध नव्हतं, तेव्हा त्या कोपीत, म्हणजे टोळीवरच्या झोपडीत, नवऱ्याशेजारी आणि लेकीशेजारी झोपत होत्या. ज्या काळात जपायला हवं होतं त्या काळात कुणी जपलं नाही, कारण आजार कुणाला कळलाच नव्हता. आता निदान झालं, गोळ्या लागू पडल्या, खोकला ओसरला, आणि आता त्यांना कोंडलंय. टी.बी.चं औषध लागू पडलं की रुग्णापासून दुसऱ्याला होणारा धोका झपाट्याने उतरतो, साधारण दोन आठवड्यांत तो नगण्य होतो. तुमच्या जाऊबाईंचे तीन झाले.

एक गोष्ट मात्र आशाताईंना विचारून घ्या. बेडका मशीनवर तपासतात तेव्हा जंतू रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो की नाही तेही अहवालात येतं. दाद देणारा असेल तर वर लिहिलं ते जसंच्या तसं लागू. दाद न देणारा असेल तर औषधं वेगळी असतात आणि काळजीही जास्त दिवस घ्यावी लागते. खोकला उतरलाय म्हणता, म्हणजे गोळ्या लागू पडत असाव्यात. तरी कागद बघून खात्री करा.

आता ताटाचं. टी.बी.चा जंतू हवेतून जातो. फुप्फुसाचा टी.बी. असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा अगदी बारीक तुषार बाहेर पडतात. ते इतके हलके असतात की बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासातून आत जातात. जायचा रस्ता तेवढाच. उष्ट्या ताटातून, तांब्यातून, कपड्यांतून, हात लावल्याने किंवा एका संडासामुळे हा आजार होत नाही. जर्मनचं ताट वेगळं ठेवून तुमच्या घरातलं एकही माणूस वाचलेलं नाही. फक्त जाऊबाईंच्या घशाखाली घास उतरेनासा झाला असेल. वाकळांचंही तेच. त्या धुवा, दिवसभर कडक उन्हात टाका आणि वापरा. होळीला गोवऱ्या पुरेशा असतात.

आणि ज्या रस्त्याने जंतू खरोखर जातो तो तुम्ही अडवला नाही, उलट सोपा केला. माळवदाची खोली थंडीत उबदार आणि उन्हाळ्यात गार, ते तिच्या जाड भिंतींमुळे. पण खिडकी नसेल तर तिथली हवा हलत नाही, आणि उजेडासाठी, धुरासाठी ठेवलेलं ते एक सानंही पत्र्याने झाकून टाकलंत. पत्र्याचं कारण मी समजू शकतो, पावसाळ्यात टाकलेला राहून गेला असेल. तो आज काढा. वारा खेळला की हवेतले जंतू विरळ होतात आणि उन्हाने मरतात. जाऊबाईंची बाज दिवसा ओसरीत आणा. मराठवाड्यातल्या घराला ओसरी आणि अंगण असताना टी.बी.च्या माणसाला अंधाऱ्या खोलीत घालणं म्हणजे हातातलं निम्मं औषध फेकून देणं. खोकला पुरता थांबेपर्यंत खोकताना तोंडावर पदर किंवा रुमाल धरावा, बेडका झाकणाच्या डब्यात टाकावा आणि तो संडासात ओतावा. एवढं पुरे.

यापेक्षा मोठी काळजी मला त्या चार वर्षांच्या पोरीची वाटते. तुम्ही पत्रात लिहिलंत की ती रात्री रडते. तिची तपासणी झाली असं कुठे लिहिलं नाही. ती अडीच महिने आईच्या कुशीत, कोपीत, बंद हवेत होती. जंतू अंगात शिरला म्हणजे आजार झाला असं नसतं. मोठ्या माणसांत, अंगात जंतू शिरलेल्या शंभरांपैकी जन्मभरात पाच ते दहाच आजारी पडतात, बाकीच्यांच्या शरीरात तो निपचित पडून राहतो. पण पाच वर्षांखालच्या लेकरांचं तसं नाही. त्यांना आजार होण्याची शक्यता बरीच जास्त असते आणि झाला तर तो मेंदूच्या आवरणापर्यंतही जाऊ शकतो. जन्मल्यावर दंडावर टोचलेली बी.सी.जी. याच गंभीर प्रकारांपासून लहानग्यांना बऱ्यापैकी वाचवते, पण तिच्यावर विसंबून बसायचं नाही.

म्हणून तिला दवाखान्यात न्या. खोकला, ताप, वजन न वाढणं यातलं काही आहे का ते डॉक्टर पाहतील. आजार नसला तर तो पुढे होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्या देतात. त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, कोणत्या आणि किती दिवस ते वय-वजन पाहून ठरतं. काहींना सहा महिने रोज, काहींना आठवड्यातून एकदा अशा बारा आठवडे. तुमची दोन्ही लेकरं, तुम्ही, तुमचे मालक, वन्सं आणि आत्याबाई, एका घरात राहणाऱ्या सगळ्यांनीच तपासून घ्यायचं आहे. छातीचा फोटो लागला तर उपजिल्हा रुग्णालयात होतो, लहान मुलीच्या बाबतीत शंका राहिलीच तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला लांब नाही. आत्याबाईंना साखरेचा आजार असेल तर तेही सांगा, मधुमेहात टी.बी. लवकर डोकं वर काढतो.

आणि त्या पोरीला आईपासून तोडू नका. तिला जे काही व्हायचं ते कोपीतल्या त्या दिवसांत होऊन गेलंय. आज आईशेजारी ओसरीत बसल्याने त्यात भर पडणार नाही.

भायांचं मात्र घरात सगळेच विसरलेत. ते अजून टोळीवर आहेत. का आहेत ते मला कळतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्याच हिशोबाने मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली, बायको आजारी पडली की कोयता मोडतो आणि मुकादमाची उचल तशीच अंगावर राहते. ऊसतोडीत आजारपण हे नुसतं आजारपण नसतं, ते कर्ज असतं. म्हणूनच बाई अडीच महिने खोकत राहते आणि औषधाची बाटली मेडिकलमधून येते. यावर बरंच बोलता येईल, पण तुमच्या हातात आज जे आहे ते सांगतो. भायांना फोन करून विचारा, खोकला आहे का, ताप येतो का, भूक लागते का. काही नसलं तरी कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन 'माझ्या बायकोला टी.बी. निघालाय' एवढं सांगायला लावा. पुढचं तिथले लोक बघतील. शेजारच्या कोप्यांत कुणी खोकत असेल तर त्यालाही सोबत न्यावं. त्या टोळीतल्या लेकरांना तुमच्या घागरीपेक्षा कितीतरी जास्त धोका तिथे आहे.

आत्याबाईंवर रागावू नका. त्यांच्या लहानपणी गावात क्षयाचा माणूस म्हणजे गेल्यात जमा, असंच घरोघर बोललं जायचं, आणि ते बोलणं हवेतून आलेलं नव्हतं. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये टी.बी.चा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1887 च्या फेब्रुवारीत, आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी. शत्रू कोण ते माहीत होतं, हातात शस्त्र नव्हतं. पहिलं कामाचं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला 1940 चं दशक उजाडावं लागलं आणि आज तुमच्या जाऊबाई घेतात त्यातली आयसोनियाझिड 1952 मध्ये आली. खेड्यापाड्यापर्यंत ती नीट पोचायला आणखी कितीतरी वर्षं गेली. औषध नसताना वेगळं ठेवणं हा एकच उपाय लोकांच्या हाती होता. आत्याबाई तोच उपाय करताहेत. त्यांना हे असं सांगितलंत तर ऐकतील. 'तुम्हाला काही कळत नाही' म्हणालात तर पत्रा आणखी घट्ट होईल.

त्यांना मद्रासची गोष्टही सांगा. 1956 साली तिथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र काढलं. प्रश्न साधा होता : टी.बी.च्या रुग्णाला सॅनिटोरियममध्ये, म्हणजे क्षयाच्या खास रुग्णालयात, ठेवलंच पाहिजे का? त्यांनी शहरातल्या गरीब, दाटीवाटीने राहणाऱ्या घरांतले रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एक गट सॅनिटोरियममध्ये, चांगलं खाणं, पलंगावर विश्रांती. दुसरा गट आपल्याच खोल्यांत, जमेल ते खाऊन, कामंधामं करत. गोळ्या दोघांना सारख्याच, वर्षभर. 1959 मध्ये निष्कर्ष छापून आले. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले. पुढे काही वर्षं त्यांच्या घरच्यांवरही लक्ष ठेवलं, तर रुग्ण घरात राहिला म्हणून घरचे जास्त आजारी पडले असं दिसलं नाही. लागण व्हायची ती बहुतेक औषध सुरू होण्याआधीच झालेली होती. जगभरात टी.बी.च्या रुग्णांना घरी ठेवून औषध द्यायला लागले त्यामागे या आपल्या देशातल्या कामाचा मोठा हात आहे.

माहेरी धाडायचं का? जाऊबाईंनाच आईकडे चार दिवस राहावंसं वाटत असेल तर खुशाल जाऊ द्या. सरकारच्या 'निक्षय' या टी.बी. रुग्णांच्या नोंदणीत त्यांचं नाव असतं, आशाताईंना सांगितलं तर गोळ्या माहेरच्या गावच्या दवाखान्यातूनही मिळतात. पण घालवून दिलेली बाई गोळ्या नेमाने घेईल याची मला खात्री वाटत नाही, आणि खरी भीती तिथेच आहे. पहिले दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन, असा हा सहा महिन्यांचा उपचार. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात माणसाला बरं वाटायला लागतं, वजन वाढतं, मृगाच्या पेरणीची धांदल सुरू होते आणि गोळ्या राहून जातात. मधे सोडलेल्या उपचारातून जो टी.बी. उलटतो तो औषधांना दाद न देणारा असू शकतो. त्याचा उपचार अवघड, आणि तो पसरला तर तसाच पसरतो. आत्याबाईंना भ्यायचंच असेल तर या चुकलेल्या गोळीला भ्यावं. रोज सकाळी 'गोळी घेतली का गं?' एवढं त्यांनी विचारलं तरी पुष्कळ झालं. हिशोबाने ऑगस्टच्या शेवटापर्यंत उपचार संपतो, म्हणजे दसऱ्याच्या आधीच.

खाण्यासाठी सरकार निक्षय पोषण योजनेतून महिन्याला 1000 रुपये देतं, उपचार चालू असेपर्यंत, थेट बँकेच्या खात्यात. खातं जोडलं गेलंय का ते बघा, इथेच बऱ्याचदा घोडं अडतं. अंडी चांगली, पण घर माळकरी असेल तर अंड्यावाचून अडत नाही. भाकरीबरोबर वरण, शेंगदाणे, मोड आलेली मटकी, दूध असं रोज पोटात जायला हवं.

नळावरच्या बायांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. जाऊबाईंचा आजार हा त्यांचा खाजगी मामला आहे, त्यांना विचारल्याशिवाय तुम्हीही गावभर खुलासे करत बसू नका. पण घागर सरकवणाऱ्या बाईला एक प्रश्न जरूर विचारता येईल : 'तुमच्यात कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे का?' असला तर बेडका तपासून घ्या म्हणावं, फुकट होतो. जगातल्या टी.बी.च्या रुग्णांपैकी जवळजवळ पाव हिस्सा एकट्या भारतात आहे. अख्ख्या गावात तो तुमच्याच घरात असेल असं नाही. ज्याचं निदान झालंय आणि जो गोळ्या घेतोय त्याच्यापासून गावाला फारसा धोका नाही. धोका आहे तो गावातल्या त्या खोकणाऱ्या माणसापासून, जो बिडीचा खोकला म्हणून अजून पारावर बसलाय.

वन्संच्या लग्नाचं म्हणाल तर मे महिना येईपर्यंत जाऊबाईंचे जवळजवळ तीन महिने पूर्ण होतील. त्या हळदीला बसू शकतात, पंगतीत वाढू शकतात. हा आजार रक्तातून किंवा खानदानातून येत नाही, तेव्हा भावजयीच्या टी.बी.चा नणंदेच्या संसाराशी काही संबंध नाही. सोयऱ्यांना आपण होऊन सांगत सुटायचं कारण नाही. कुणी सरळ विचारलंच आणि जाऊबाईंची ना नसेल, तर सरळ सांगा : झाला होता, उपचार चालू आहे, घरातले सगळे तपासून झालेत. लपवालपवीतून गोष्ट वाढते. लग्नघरात थोरली सून मागच्या खोलीत कोंडलेली दिसली तर सोयरे जे काय समजायचं ते समजतीलच.

आता काही बारीकसारीक. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लालसर होते, रक्त समजून घाबरू नका. दवाखान्यात साखर आणि एच.आय.व्ही.ची तपासणी करायला सांगतील. ती टी.बी.च्या प्रत्येकाचीच करतात, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. मात्र सारखी मळमळ, उलट्या, डोळे पिवळे होणं, नजर अंधुक वाटणं यातलं काही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठा. आशाताई भेटल्या नाहीत तर 1800-11-6666 हा सरकारी फुकट नंबर आहे.

शेवटचं आत्याबाईंसमोर नका काढू, जाऊबाईंना एकटं गाठून विचारा. त्या पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेत असतील, तर टी.बी.च्या औषधांपुढे त्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही. भाया गावी परतण्याआधी त्यांनी डॉक्टरांकडून किंवा नर्सबाईंकडून दुसरा उपाय विचारून घ्यावा.